मिश्रीचा तवा

डबीच्या झाकणाला एका बाजूला पोचा होता, आणि खिशात हात घातला की केरबाचा अंगठा आपोआप त्या पोच्यात जाऊन बसत होता. गार, गुळगुळीत पत्रा. कधीकाळी बामाची असलेली ही डबी. वरचं नाव, वरचं चित्र, सगळं येसूच्या हाताखाली घासून केव्हाच निघून गेलेलं. त्यानं ती खिशातल्या खिशात उलटी केली, सुलटी केली. आत अजून अर्धी मिश्री होती. हलवली की खुळखुळ नाही, पण सर्र असा बारीक आवाज यायचा… म्हणून तो हलवत नव्हता.

"आवं, डबी कुटं गेली?" आतून येसूचा आवाज आला. "कोनाड्यात ठेवली व्हती मी."

"संपली की."

"रोज संपली म्हंता. निम्मी तर व्हती की."

"संपली म्हंजे संपली. वाण्याकडं तंबाकू न्हाई आलेला. आला की देतो भाजून."

केरबाला खोटं बोलता येत नाही असं सगळं भाजे गाव म्हणायचं, आणि गावाचं फारसं चुकत नव्हतं. लहानपणी आंबे चोरायला त्याला कुणी बरोबर नेत नसे ते एवढ्याचसाठी. पण गेले काही दिवस तो सकाळ उजाडली की दात घासायच्या आधी खोटं बोलत होता, आणि ते इतकं सहज जमत होतं की त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. येसूनं मग रेणुकानं आणून दिलेली पेस्ट बोटावर घेतली. पोरीनं आईला ब्रशही आणला होता, तो कोनाड्यात नवाकोरा पडून होता. डाव्या गालाला धक्का लागू न देता, उजव्या बाजूनंच दात चोळून, मान वाकडी करून तिनं चूळ टाकली, आणि पदरानं तोंड टिपत म्हणाली, "चरचरतंय नुसतं. त्वांड धुतल्यासारखं वाटतच न्हाई."

समोर लेण्यांच्या पायऱ्यांवर ऊन उतरत होतं आणि शनिवार असल्यामुळे खाली गाड्या लागायला सुरुवात झाली होती.

गालाचं दुखणं — घरात त्याला एवढंच म्हणायचे. खरं नाव पुण्याच्या हॉस्पिटलातल्या कागदावर होतं, रेणुकाच्या तोंडी एकदा आलं होतं, आणि त्यानंतर ते नाव कुणी घेतलं नव्हतं. आधी गालाच्या आतून पांढरा डाग, मग बरा न होणारा फोड, मग तिखट सोसेना, मग तोंड पुरतं उघडेना. पुण्याला फोडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. भीती होती तसाच निघाला. मग ते बोगद्यासारखं यंत्र, ज्यात येसूला आडवं घालून आत सरकवलं आणि बाहेर आल्यावर ती म्हणाली, आत लय थंड व्हतं बघा, तुमी सोबत असता तर बरं झालं असतं. आता सगळ्या डॉक्टरांची बैठक व्हायची होती; कधी कापायचं, किती कापायचं ते ठरलं की फोन येणार होता. फोन रेणुकाला येणार, कारण हॉस्पिटलात तिचाच नंबर लिहिला होता. ती घोरावाडीला, स्टेशनच्या अंगाला राहते; ती मग इकडे कळवणार. म्हणजे वाट बघायची. केरबा खिशात एका बाजूला फोन आणि एका बाजूला डबी घेऊन वाट बघत होता.

त्यानं भाताच्या पेंढ्या खळ्यावर ओढून आणल्या. झोडणी निम्मी राहिली होती. पेंढी उचलायची, दगडावर आपटायची. दाणे उडतात, अंगाला कुसळं चिकटतात, आणि डोकं मोकळं राहतं — हेच वाईट. हात कामात असले की डोकं भलतीकडे जातं. ते त्या खोलीत गेलं… पुन्हा तिथंच गेलं.

डॉक्टरीणबाई वयानं रेणुकाएवढी. रेणुका तेव्हा बाहेर कागदांच्या रांगेत उभी होती. बाईनं येसूच्या तोंडात बारकी बॅटरी मारून बघितलं, हातमोजे काढले आणि मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "मावशी, तंबाखू खाता?"

येसूला तर रागच आला. "न्हाई बाई! आमच्या घरात कोन शिवत बी न्हाई. ह्यांची व्हती, ती बी मीच सोडवली."

ते खरं होतं. रेणुका रांगायला लागली त्या वर्षी येसूनं त्याची चंची, चुन्याच्या डबीसकट, सरळ चुलीत टाकली होती. ल्हान पोरीचा मुका घ्यायचा आन् त्वांडाला ही घान, म्हणाली होती. त्यानं आरडाओरडा केला, दोन दिवस रुसून बसला, आणि सोडली. गावात बढाई मारायला मिळाली ती निराळीच.

"नसेल तर उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण कुठल्याही रूपात असेल तर आजपासून बंद हं. ऑपरेशननंतर टाके भरत नाहीत मग, जखम उकलते."

येसूनं मान हलवली. आपल्याला लागू नसलेली गोष्ट माणूस जशी ऐकून घेतो, तशी तिनं ती ऐकून घेतली. ती खोटं बोलली नव्हती, हे केरबा देवाशप्पथ सांगू शकला असता. तंबाखू म्हणजे बाप्या माणसांनी तळहातावर चुन्याशी मळायची, ओठाखाली धरायची आणि दिसेल त्या भिंतीवर थुंकायची. मिश्री ती नव्हे. मिश्री दाताला. सकाळी अंघोळीच्या आधी बायका उंबऱ्यात बसून बोटानं लावतात, सासू नव्या सुनेच्या हातावर चिमूट ठेवते, माहेरवाशीण आली की तिच्यापुढे आधी डबी सरकवतात. ती पानं भाजूनच होते हे काय येसूला ठाऊक नव्हतं? होतं की. पण भाजली की ती निराळी झाली — जसं कातडं वहाण झालं की कुणी त्याला जनावर म्हणत नाही.

आणि केरबा पिशवी खांद्याला लावून उभा होता, आणि भिंतीवर एक चित्र होतं. उघडलेलं तोंड, आत नासलेला गाल, आणि खाली अक्षरं. त्याला वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जोडत जावं लागतं. तंबाखू. गुटखा. मावा. मिश्री ह्या शेवटच्या शब्दाशी तो आला तेव्हा डॉक्टरीणबाई अजून लिहीतच होती. म्हणजे वेळ होता. चांगला ऐसपैस वेळ होता. 'बाई, ही मिश्री लावती' — बास, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

का नाही बोललास? …चारचौघांत येसू खोटी पडली असती. हे त्यानं स्वतःला घरी येताना गाडीत सांगितलं, आणि मळवली येईपर्यंत ते पटलंही होतं. रात्रीपर्यंत टिकलं नाही. कारण खोटी पडायची भीती नव्हतीच ती. भीती होती ती बाईच्या पुढच्या प्रश्नाची. कोण आणून देतं, असं तिनं विचारलं असतं तर?

मी. मीच आणतो, मीच भाजतो.

सुरुवात आईपासून झाली — आक्काबाई भाजायची, फुटक्या तव्यावर, चुलीपाशी. येसू लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्यांदा मिश्री लावली आणि चक्कर येऊन भिंतीला टेकली, तशी आई आणि केरबा दोघंही हसले होते. होईल सवय, आई म्हणाली. झाली. पुढे आई गेली आणि भाजायचं येसूवर आलं. रेणुकाच्या वेळी ती पोटुशी, आणि तो धूर असा घशात बसायचा की खोकून खोकून ती दुमडून जायची. एक दिवस केरबानं तिच्या हातातून तवा घेतला. "सर तिकडं. मी भाजतो." बाहेर अंगणात तीन दगड मांडले, आणि ते त्याचं काम झालं ते झालंच. येणारेजाणारे चिडवायचे. हनुमंता तर रोज हाक मारून विचारायचा, काय रं केरबा, भाकऱ्या कवा थापणार? केरबाला त्याचं काही वाटत नसे. उलट तो शिकत गेला. जाळ मंद हवा, पानं मोडून नव्हे तर चुरून टाकायची, धूर जड येतो तोवर हलवत राहायचं, आणि तो पातळ झाला की लगेच तवा खाली; जरा डुलकी लागली की राख. लाकडावर लाकूड ठेवायच्या आधी तो पुड्याचा कागद जाळायचा, म्हणजे जाळ चटकन धरतो. भाजून झाली की कुटून, फडक्यानं चाळून, डबी भरून कोनाड्यात ठेवून द्यायची. येसू काही म्हणायची नाही. पण डबी रिकामी झाली की ती त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवायची, बोलायची नाही, नुसती ठेवायची… आणि त्याला बरं वाटायचं.

खरं सांगायचं तर त्यानं तिच्यासाठी दुसरं काही केलं नव्हतं. माहेर तिचं वलवणचं, धरणाच्या अंगाला, गाडीनं एक स्टेशन. तिथंसुद्धा वर्षा-दोन वर्षांतून एकदा, कारण ऐन वेळी त्याचं काहीतरी काम निघायचं. काम निघायचं म्हणजे तो काढायचा. तिची आई गेली तेव्हा पोचायला उशीर झाला, त्यावर ती त्याला कधी बोलली नाही. तिला आवडतं काय, हे कुणी विचारलं असतं तर तो गडबडला असता. उभ्या संसारात आपल्या हातानं बायकोला काय दिलंस, असा हिशोब कुणी मागितला तर केरबाजवळ दाखवायला एवढी एकच गोष्ट होती, मनापासून केलेली. आणि नेमकी तीच निघावी! पेंढी दगडावर आपटता आपटता त्याला वाटलं, ओरडावं. ओरडला नाही. दाणे तेवढे लांब उडाले.

दुपारी पुण्याची माणसं जेवायला आली. लेणी बघून उतरलेली, दमलेली, दोन बाया, दोन पुरुष. सकाळीच फोन करून सांगितलेलं होतं, पिठलं, भाकरी, ठेचा. हे येसूचंच चालवलेलं. शनिवार-रविवारी ओसरीत चटया टाकायच्या आणि चुलीवरचं वाढायचं. दुखणं निघाल्यावर केरबा म्हणाला होता, बंद कर. ती म्हणाली, बसून तरी काय करू?

पिठल्याला उकळी आली तशी तिनं त्याला आत बोलावलं. "जरा मीठ बघा. मला काय कळत न्हाई."

तिला आता चव लागत नव्हती, जे लागायचं ते झोंबायचं. तिनं पळीनं त्याच्या तळहातावर थेंब टाकला. त्यानं चाटला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरल्यासारखा वाटला, म्हणून तो तिकडे बघत म्हणाला, "बरोबर हाय." फोन वाजला नव्हता. उगाच भास.

ओसरीत त्यांतली एक बाई अगदी संकोचून म्हणाली, "काका, थोडं मीठ मिळेल का?"

मीठ येसूनंच आणून दिलं. हसून दिलं, एका बाजूनं. माणसं छान म्हणाली, फोटो काढून गेली. ताटं उचलताना ती हळूच म्हणाली, "चव घेतली न्हाई तुमी."

"घेतली की. तुझ्यासमोर घेतली."

"न्हाई. मीठ घालायलाच इसरले व्हते मी. चव घेतली असती तर कळलं असतं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. दोन शब्द उलटे बोलता आले असते. ती ताटं घेऊन मोरीकडे गेली, आणि केरबा तिथंच, थेंब चाटलेल्या तळहाताकडे बघत उभा राहिला.

रेणुकाचा फोन तिसऱ्या प्रहरी आला. तो पाय ओढत खळ्यापर्यंत गेला आणि मग कानाला लावला.

"आबा, झाली बैठक. सोमवारी दाखल करायचंय. गाल आणि खालच्या जबड्याचा थोडा भाग काढतील म्हणाले. मांडीचं मांस लावून शिवणार. घाबरू नका, होतं म्हणे असं."

"बरं."

"आईला आत्ताच जबड्याचं सांगू नका. मी उद्या येते, मी सांगते. आणि आबा, सोमवारी भूल देणारे डॉक्टर परत सगळं विचारणार. आज फोनवरच्या बाईंनी पण विचारलं — तंबाखू बंद आहे ना? मी म्हटलं, आमच्या घरात कुणी खातच नाही तर बंद काय करणार! हसल्या त्या बाई."

केरबानं खिशातल्या पोच्यात अंगठा दाबला.

"आबा? आहात ना?"

"व्हय. हाय."

ही पोर बारावी झालेली. लहानपणी ह्याच अंगणात, त्याच्या शेजारी उकिडवी बसून, आबा मी हलवू का म्हणून तव्यासाठी हट्ट करायची. तिलाही नाही आठवलं. आईला नाही, लेकीला नाही… आणि ज्याला एकट्याला आठवतंय तो 'व्हय, हाय' म्हणतो. पुन्हा वेळ होता. पुन्हा ऐसपैस वेळ होता. फोन बंद झाल्यावर त्यानं तो कानालाच धरून ठेवला, जसं काही अजून बोलता येईल.

उन्हं उतरली तशी येसू खळ्यावर आली. तिच्या हातात चहाचा पेला होता. स्वतः गार करून पिते, त्याला मात्र कढत आणते. ती पेंढ्यावर बसली. टेकडीवरून शेवटची माणसं उतरत होती, खाली मळवलीकडे गाडी गेल्याचा आवाज आला आणि विरला.

"पोरीचा फोन व्हता?"

"व्हय. सोमवारी बोलिवलंय."

"बरं झालं. सुटंल एकदाचं." तिनं पेला त्याच्याकडे दिला, आणि देताना त्याला तिचं बोट दिसलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. पेरापर्यंत काळं.

"हे काय?"

येसू चोरी पकडल्यासारखी हसली. दुखऱ्या गालावर हात ठेवून हसली. "धोंडाबाईकडनं आनली चिमूट. काय करू, त्या पेस्टनं जीव नको झाला. पर कच्ची हाय वो तिची. कशी भाजत्यात काय म्हाईत, नुसती उग्र." ती थांबली, आणि मग त्याच्याकडे न बघता, पेंढ्यातली काडी मोडत म्हणाली, "तुमच्यासारखी कुनाला जमत न्हाई. कुनालाच न्हाई. मी तर म्हनती, हास्पिटलात जायच्या आदी एकदा भाजा. घिऊन जाऊ संगं."

इतक्या वर्षांत तिनं हे कधी म्हटलं नव्हतं. हे ऐकायला आपण किती आसुसलेलो होतो, ते केरबाला आत्ता, ऐकल्यावर कळलं. छातीत आधी सुख झालं, अगदी तरणाताठा असल्यासारखं सुख, आणि त्याच्याच पाठोपाठ डॉक्टरीणबाईचं ते 'टाके भरत नाहीत' आठवलं. त्यानं पेला खाली ठेवला. खिशातून डबी काढली आणि दोघांच्या मध्ये, दाण्यांवर ठेवली.

येसूनं डबीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "व्हती व्हय तुमच्यापाशी?"

"येसू, ह्योच तंबाकू." आवाज त्याला परक्याचा वाटला. "डाक्टरीनबाई इचारत व्हती त्यो. ह्योच. भाजला तरी त्योच."

ती हात पुढे करायला निघाली होती. तो हात मध्येच राहिला. तिचं बोट नकळत गालाकडे गेलं, आणि काळं बोट दिसल्यावर तिनं ते पदराला पुसलं, पुन्हा पुसलं.

"मंग मी त्या बाईला खोटं बोलले?"

"न्हाई, न्हाई. तू न्हाई खोटं बोलली."

"मंग?"

त्याला वाटलं होतं सर्वांत कठीण ते वाक्य होतं, ते बोललं की पुढचं सगळं सोपं. ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा नशिबाला बोल लावेल; त्याची त्यानं मनात तयारी ठेवली होती. येसूनं ह्यातलं काही केलं नाही. ती नीट, सावकाश विचार करत होती, पिठलं खाली लागलं की कशानं लागलं ह्याचा विचार करावा तशी.

"तुमाला कवापास्नं म्हाईत हाय?"

भिंतीवरच्या चित्रापासून, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. तेच खरं होतं. तो तसं समजूनच चालला होता, आजपर्यंत, ह्या घटकेपर्यंत. पण तोंड उघडलं आणि समोर अंगणातले ते तीन दगड दिसले, काळे पडलेले, आणि त्यांच्यामध्ये आपलेच हात. वाण्याकडचा पुडा. पुडा फाडून तंबाखू तव्यात ओतणारे हात. पुड्यावर पण चित्र होतं की, गेली कित्येक वर्षं होतं, असंच नासलेलं तोंड… आणि ते हात पुडा जाळात घालायच्या आधी पालथा करतात. चित्र खाली. दर खेपेला, न चुकता, चित्र खाली.

कशासाठी, केरबा? ठाऊक नव्हतं ना तुला?

"आवं," येसू म्हणाली, "कवापास्नं?"

डबी दोघांच्या मध्ये तशीच होती. ती अजून त्याच्याकडे बघत होती, आणि तो त्या पहिल्या पुड्यापर्यंत मागे जायला बघत होता, ज्याच्या वेळी आपल्याला खरोखरच काही माहीत नव्हतं — तो सापडल्याशिवाय तिला उत्तर देता येणार नव्हतं, आणि तो सापडत नव्हता.